वय वाढते, हप्ताही वाढतो : आरोग्यविम्याच्या घरखर्चाचा हिशेब

२०२५ च्या पावसाळ्यात एका दुपारी गावातले एक जुने किराणा दुकानदार दवाखान्यात आले. सारे गाव त्यांना अण्णा म्हणते. वय चौसष्ट. त्या दिवशी ते तपासून घ्यायला आले नव्हते. पिशवीतून त्यांनी लाल कापडी बांधणीची एक वही काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "डॉक्टर, दुकानाचा हिशेब मला चाळीस वर्षांत कधी चुकला नाही. हा मात्र चुकला. कुठं चुकला तेवढं सांगा."

वहीत त्यांनी मेडिक्लेमच्या प्रत्येक हप्त्याची नोंद ठेवली होती. २००४ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, नवरा-बायको दोघांची मिळून पहिली पॉलिसी घेतली तेव्हा हप्ता पाच हजारांच्या आत होता. २०१२ साली तो अकरा हजारांवर गेला. विम्याची रक्कम वाढवून पाच लाख केल्यावर २०१८ साली साडेतेवीस हजार झाला. २०२२ साली एक्केचाळीस हजार आणि २०२३ च्या नूतनीकरणाची सूचना आली ती जवळजवळ चोपन्न हजारांची. एकोणीस वर्षांत भरलेल्या हप्त्यांची बेरीज तीन लाखांच्या घरात आणि या साऱ्या काळात मिळालेला दावा एकच, काकूंच्या पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचा, अडतीस हजारांचा. अण्णांनी व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले आणि ठरवले की हा तोट्याचा धंदा आहे. त्या वर्षी हप्ता भरला नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये एका रात्री त्यांच्या छातीत कळ आली. मुलाने गाडी काढून त्यांना नाशिकला नेले. अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले, जीव वाचला. बिल झाले दोन लाख पंच्याऐंशी हजार. त्यासाठी काकूंच्या नावाची मुदतठेव मोडावी लागली.

वाचकहो, अण्णांचे नेमके कुठे चुकले? एकोणीस वर्षे हप्ता भरला ही चूक नव्हती. हप्ता वाढणारच आहे हे धरून त्यांनी त्याची तरतूद केली नाही, ही चूक होती. आणि ती एकट्या अण्णांची नाही. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या दर दहा घरांत दोन-तीन घरांची तरी गोष्ट अशीच आहे. म्हणून आज औषधपाण्याऐवजी हा हिशेब मांडतो. मी विमा प्रतिनिधी नाही आणि कोणत्याही कंपनीची शिफारस येथे करणार नाही.

मेडिक्लेम आला कसा?

पगारदारांसाठी आपल्याकडे आरोग्याची व्यवस्था तशी जुनी आहे. कारखान्यातील कामगारांसाठी कर्मचारी राज्य विमा योजनेचा कायदा १९४८ साली झाला. केंद्र सरकारी नोकरांची आरोग्य योजना १९५४ साली सुरू झाली. पण दुकानदार, शेतकरी, शिंपी, वकील अशा स्वतःच्या कमाईवर जगणाऱ्यांसाठी १९८६ पर्यंत काहीच नव्हते. त्या वर्षी सरकारी विमा कंपन्यांनी 'मेडिक्लेम' ही पॉलिसी आणली. पुढे १९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण स्थापन झाले आणि २००० सालापासून खासगी कंपन्यांना दार उघडले.

मी नव्वदीच्या दशकात या गावात दवाखाना थाटला तेव्हा मेडिक्लेम हा शब्द बँकेतल्या साहेबांच्या तोंडीच ऐकू येई. बाकीचे लोक दुखणे आले की दागिना गहाण टाकत किंवा मेहुण्याकडून उसने आणत. आजही चित्र पूर्ण बदललेले नाही. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या नमुना पाहणीत ग्रामीण भागातील सुमारे ८६ टक्के आणि शहरी भागातील ८१ टक्के लोकांना आरोग्यखर्चाचे कोणतेही संरक्षण नव्हते.

सरकारी आरोग्य लेख्यांनुसार देशात आरोग्यावर होणाऱ्या दर शंभर रुपयांपैकी २०१३-१४ साली ६४ रुपये लोकांच्या खिशातून थेट जात होते. २०२१-२२ साली हा आकडा ३९ वर आला. ही सुधारणाच आहे. मात्र या ३९ रुपयांत विम्याचा हप्ता धरलेला नसतो, तो वेगळा मोजला जातो. घरच्या वहीत दोन्ही खर्च एकाच खिशातून जातात हे आपण विसरता कामा नये.

हप्ता का वाढतो?

याची मुख्य कारणे तीन. पहिले कारण वय. पंचेचाळीस, पन्नास, पंचावन्न, साठ अशा वयाच्या पायऱ्या कंपन्यांनी ठरवलेल्या असतात. पायरी ओलांडली की त्या वर्षी हप्ता एकदम उडी घेतो. साठीनंतर दवाखान्यात दाखल होण्याचा संभव वाढतो, म्हणून उडीही मोठी असते. दुसरे कारण इस्पितळांचे वाढते दर. नवी यंत्रे, नव्या तपासण्या, महाग औषधे यांचा भार शेवटी विमेदारांवरच येतो. तिसरे कारण म्हणजे आपण स्वतः वाढवलेली विम्याची रक्कम. २००४ साली दोन लाख पुरेसे वाटत होते, आज ते एका मोठ्या शस्त्रक्रियेलाही पुरत नाहीत.

याखेरीज करही होता. जुलै २०१७ पासून हप्त्यावर १८ टक्के जीएसटी लागत असे. म्हणजे चाळीस हजारांच्या हप्त्यावर सात हजार दोनशे रुपये कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक व कुटुंबाच्या आरोग्यविम्यावरील हा कर शून्य झाला आहे. ज्येष्ठांसाठी आणखी एक दिलासा म्हणजे, जानेवारी २०२५ मध्ये नियामक प्राधिकरणाने साठ वर्षांवरील विमेदारांचा हप्ता एका वर्षात दहा टक्क्यांपेक्षा अधिक वाढवायचा तर आधी प्राधिकरणाशी विचारविनिमय करावा, असे बंधन कंपन्यांवर घातले. अण्णांनी पॉलिसी सोडली त्यानंतर हे दोन्ही बदल झाले.

पॉलिसी सोडण्यापूर्वी

हप्ता डोईजड झाला की लोक पॉलिसी सोडून देतात. पण सोडताना नुसता विमा जात नाही, इतक्या वर्षांची पुण्याईही जाते. ती कशी, ते पाहा. नव्या पॉलिसीत पहिले तीस दिवस अपघाताखेरीज दावा मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, मूळव्याध अशा आजारांना साधारणपणे दोन वर्षे थांबावे लागते. पॉलिसी घेण्याआधीपासून असलेला मधुमेह, रक्तदाब यांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा असू शकते. जुन्या विमेदाराने ही सारी वर्षे काढलेली असतात. पॉलिसी बंद पडली की तो पुन्हा पहिल्या पायरीवर येतो, आणि तोही साठीत, दोन गोळ्या सुरू झाल्यावर. त्या वयात नवी पॉलिसी द्यायची की नाही हे कंपनी प्रकृती पाहून ठरवते.

तेव्हा सोडण्यापूर्वी पुढील पर्याय तपासावेत.

एक, विम्याची रक्कम थोडी कमी करून घ्यावी. अजिबात छत्री नसण्यापेक्षा लहान छत्री बरी.

दोन, दाव्याचा काही हिस्सा, समजा दहा किंवा वीस टक्के, स्वतः सोसण्याची तयारी दाखवल्यास अनेक कंपन्या हप्ता कमी करतात.

तीन, पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेता येते. २०११ पासून ही सोय आहे. जुन्या रकमेपुरती प्रतीक्षेची वर्षे नव्या कंपनीत धरली जातात. मात्र अर्ज नूतनीकरणाच्या किमान दीड महिना आधी करावा, शेवटच्या आठवड्यात धावाधाव करू नये. नवी कंपनी अर्ज नाकारू शकते, म्हणून तिचा होकार हाती येईपर्यंत जुनी पॉलिसी सोडू नये.

चार, मोठ्या रकमेची एकच पॉलिसी घेण्याऐवजी लहान मूळ पॉलिसी आणि तिच्यावर 'सुपर टॉप-अप' अशी जोडी करावी. समजा मूळ पॉलिसी पाच लाखांची आहे आणि सुपर टॉप-अप पाच लाखांच्या पुढे सुरू होणारे आहे. वर्षभरातील इस्पितळाची बिले मिळून सात लाख झाली, तर पाच लाख मूळ पॉलिसी देते आणि वरचे दोन लाख सुपर टॉप-अप देते. असा प्रसंग विरळा येतो म्हणून त्याचा हप्ता बराच कमी असतो.

पाच, घरातील सर्वांची एकत्र पॉलिसी असेल तर तिचा हप्ता बहुधा सर्वांत वयस्क माणसाच्या वयावरून ठरतो. बासष्ट वर्षांच्या वडिलांसाठी चौतीस वर्षांच्या मुलालाही महाग हप्ता पडतो. शिवाय एकाचे मोठे आजारपण साऱ्यांची रक्कम खाऊन टाकते. म्हणून आईवडिलांची पॉलिसी वेगळी आणि मुलाच्या संसाराची वेगळी ठेवावी.

एखाद्या वर्षी तारीख चुकलीच, तर वार्षिक हप्त्यासाठी तीस दिवसांची सवलत असते. तेवढ्यात हप्ता भरला तर मागील वर्षे वाया जात नाहीत. मात्र मधल्या दिवसांत आजार झाला तर त्याचा दावा मिळत नाही. दावा घेतला म्हणून पुढच्या वर्षी कंपनीला नूतनीकरण नाकारता येत नाही, हेही माहीत असावे.

फॉर्मवर खरे लिहा

हे मी डॉक्टर म्हणून कळकळीने सांगतो. "डॉक्टर, बीपीचं कागदावर लिहू नका, मेडिक्लेम काढायचाय," अशी विनंती मला महिन्यातून एकदा तरी होते. तसेच इस्पितळात दाखल होताना कोणीतरी नातेवाईक सहज बोलून जातो, "शुगर ना? ती असेल दहा वर्षांपासून." तेथील डॉक्टर तेच शब्द केसपेपरवर उतरवतात. पॉलिसी सहा वर्षांपूर्वीची नसून तीन वर्षांपूर्वीची असेल आणि फॉर्मवर शुगरच्या रकान्यात 'नाही' लिहिलेले असेल, तर तो एक शब्द सारा दावा बुडवतो.

प्रतिनिधी घाईने फॉर्म भरतो आणि आपण खाली सही करतो. तसे करू नये. प्रत्येक रकाना स्वतः वाचावा. गोळी कोणती चालू आहे आणि कधीपासून, हे खरे लिहावे. हप्ता थोडा वाढेल, प्रतीक्षा लागेल, पण दावा टिकेल. सलग पाच वर्षे पॉलिसी चालू राहिली की त्यानंतर फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती दडवल्याच्या कारणावरून कंपनीला दावा नाकारता येत नाही, असा २०२४ पासूनचा नियम आहे. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. पण या नियमाच्या भरवशावर खोटे लिहिण्याचा जुगार खेळू नये. पाच वर्षे दुखणे थांबून राहील याची हमी कोण देणार?

खोलीच्या भाड्याचा फास

अनेक जुन्या पॉलिसींत खोलीच्या भाड्याला मर्यादा असते, बहुधा दर दिवशी विम्याच्या रकमेच्या एक टक्का. तीन लाखांची पॉलिसी असेल तर रोजचे तीन हजार. समजा आपण सहा हजारांची खोली घेतली. लोकांना वाटते, वरचे तीन हजार आपण भरू. पण खोलीबरोबर इतर आकारही त्याच प्रमाणात कापले जातात. उदाहरण घेऊ.

पाच दिवसांचे भाडे तीस हजार, शस्त्रक्रिया, भूल व शुश्रूषा मिळून ऐंशी हजार, औषधे व तपासण्या चाळीस हजार. एकूण बिल दीड लाख. खोली मर्यादेच्या दुप्पट दराची, म्हणून भाड्याचे पंधरा हजार आणि शस्त्रक्रियेच्या खर्चाचे चाळीस हजारच मंजूर होतात. औषधे व तपासण्यांवर अशी कपात करता येत नाही, ते चाळीस हजार पूर्ण मिळतात. म्हणजे मंजूर रक्कम पंच्याण्णव हजार आणि आपल्या खिशातून पंचावन्न हजार. भाड्यातला फरक अवघा पंधरा हजारांचा होता, भुर्दंड पडला पंचावन्न हजारांचा. म्हणून पॉलिसी घेताना ही अट पाहावी आणि दाखल होताना काउंटरवर पहिला प्रश्न खोलीच्या मर्यादेचा विचारावा. हातमोजे, डायपर अशा किरकोळ वस्तूंचे पैसेही बहुतेक पॉलिसी देत नाहीत, तेवढी रोकड जवळ ठेवावी.

विमा देत नाही तो खर्च

माझ्याकडे येणाऱ्या शंभर रुग्णांपैकी इस्पितळात पाठवावे लागतात ते मोजके. बाकीच्यांचा खर्च तपासणी फी, रक्त-लघवीच्या चाचण्या आणि दरमहाच्या गोळ्या यांवर होतो. साध्या मेडिक्लेममध्ये हा खर्च बसत नाही. घरात मधुमेहाचे एक आणि रक्तदाबाचे एक माणूस असले की वर्षाकाठी औषधांची रक्कम पाहता पाहता मोठी होते. येथे जनऔषधी केंद्रातील जेनेरिक औषधांनी खर्च बराच कमी होतो. आपल्या डॉक्टरांना विचारून ती घ्यावीत, मनाने बदलू नयेत. आणि पैसे वाचवण्यासाठी गोळी मध्येच बंद करणे ही तर सर्वांत महाग काटकसर. अण्णांनी २०२३ साली हप्त्याबरोबर रक्तदाबाची गोळीही "बरं वाटतंय" म्हणून सोडली होती, हे त्यांनी मला वही मिटताना सांगितले.

घराचा आरोग्यहिशेब कसा मांडावा?

घरखर्चात आरोग्यासाठी तीन कप्पे करावेत. पहिला कप्पा विम्याच्या हप्त्याचा. दुसरा दरमहाच्या औषधांचा व तपासण्यांचा. तिसरा अडीअडचणीचा, ज्यात पन्नास हजार ते लाख रुपये लगेच काढता येतील असे बँकेत असावेत.

पहिल्या कप्प्याबाबत चाळिशीतल्या वाचकांना विशेष सांगणे आहे. आजचा हप्ता परवडतो म्हणून निर्धास्त राहू नका. साठीनंतर कमाई आटते तेव्हाच हप्ता फुगतो. त्या दिवसांसाठी आजच वेगळी पुंजी सुरू करा. दरमहा एक हजार रुपये आवर्ती ठेवीत टाकत राहिल्यास वीस वर्षांत मुद्दलच दोन लाख चाळीस हजार होते, व्याज निराळे. या पैशाला मुलीच्या लग्नासाठी किंवा घराच्या स्लॅबसाठी हात लावू नये. तो साठीनंतरच्या हप्त्यांचा पैसा समजावा.

नोकरदारांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कंपनीने काढलेला विमा बहुधा नोकरीबरोबर संपतो. अठ्ठावन्नव्या वर्षी निवृत्त होऊन नवी पॉलिसी शोधत हिंडण्यापेक्षा नोकरीत असतानाच स्वतःची एक लहान पॉलिसी चालू ठेवणे शहाणपणाचे. प्राप्तिकराची जुनी पद्धत निवडणाऱ्यांना स्वतःच्या कुटुंबाच्या हप्त्यावर पंचवीस हजारांपर्यंत आणि साठीपुढील आईवडिलांच्या हप्त्यावर पन्नास हजारांपर्यंत वजावट मिळते. नव्या पद्धतीत ती नाही. हप्ता रोखीने भरला तरीही वजावट मिळत नाही.

सरकारी योजना विसरू नका

२०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. पूर्वी ती पिवळ्या व केशरी शिधापत्रिकेपुरती होती. २०२३ च्या निर्णयानुसार ती राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना लागू झाली, पांढऱ्या कार्डवाल्यांनाही, आणि संरक्षण दीड लाखावरून पाच लाखांवर गेले. याशिवाय ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेतून वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. त्यासाठी आधारवरून वेगळे कार्ड काढावे लागते.

या योजनांत ठरावीक यादीतले उपचार आणि ठरावीक यादीतलीच रुग्णालये असतात. अण्णांकडे शिधापत्रिका होती. पण त्या रात्री ज्या इस्पितळात नेले ते यादीत नव्हते आणि यादीतले कोणते हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. छातीत कळ आल्यावर यादी शोधत बसू नये, जवळचे सोयीचे इस्पितळ गाठावे हेच बरोबर. म्हणूनच यादी आधी पाहून ठेवावी. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही.

दावा अन्यायाने नाकारला गेला असे वाटले तर प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालांकडे जाता येते. त्यांची कार्यालये मुंबई व पुणे येथे आहेत. तेथे तक्रारीला फी नाही आणि वकीलही लागत नाही.

अण्णांचा हिशेब आम्ही दोघांनी त्या दुपारी नव्याने मांडला. त्यांना आता साधी पॉलिसी मिळणे कठीण होते, म्हणून त्यांच्यासाठी शिधापत्रिकेवरील योजनेची कागदपत्रे पुरी केली. काकू साठीच्या, थायरॉइडची गोळी चालू. ती गोळी फॉर्मवर स्पष्ट लिहून त्यांची वेगळी पॉलिसी काढली. हप्ता थोडा जास्त पडला. मुलाने आपल्या संसाराची पॉलिसी स्वतंत्र घेतली आणि पोस्टात आवर्ती ठेव उघडली.

परवा साखर घ्यायला दुकानात गेलो होतो. गल्ल्यामागच्या भिंतीवर देवाच्या तसबिरीखाली अण्णांनी एक कागद चिकटवला आहे. त्यावर योजनेतल्या चार रुग्णालयांची नावे, त्यांचे फोन आणि काकूंच्या पॉलिसीच्या नूतनीकरणाची तारीख ठळक अक्षरात लिहिली आहे. वाचकांनीही आज रात्री जेवणे झाल्यावर आपली पॉलिसी कपाटातून काढून तारीख, खोलीची मर्यादा आणि वयाची पुढची पायरी एवढ्या तीन गोष्टी पाहाव्यात आणि असाच एक कागद घरात लावावा.